चमकणारं कडं खरं, पण पटल वाहतंय का?

प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने २ मायक्रोमीटर व्यासाच्या सिलिकाच्या गोळ्यांवर डीओपीसी या लिपिडचं, म्हणजे मेदासारख्या रेणूंचं, पटल चढवलं. त्यात कोलेस्टेरॉलची शेपटी लावलेला डीएनए रोवला आणि पूरक, म्हणजे एकमेकांशी जुळणारा, डीएनए असलेल्या दोन जातींच्या गोळ्या एकत्र केल्या. गोळ्यांनी आपणहून जोड्या आणि साखळ्या बांधाव्यात, बांधल्यावरही एकमेकींवर सरकत राहावं, ही अपेक्षा. मायक्रोस्कोपखाली दिसल्या त्या गुठळ्या, आणि ज्या दोन-चार जोड्या झाल्या त्या ताठ. ती लिहिते, ‘पटल नीट चढलंय, प्रत्येक गोळीभोवती लाल कडं स्वच्छ दिसतं. मग डीएनए खराब आला असेल का? आणि गाइड विचारतात, मधे लिपिड हवंच कशाला, डीएनए थेट गोळीवर का लावत नाही?’

डीएनएवर संशय घ्यायची घाई करू नका. माझ्या अनुभवात या प्रयोगात दहापैकी आठ वेळा दोष डीएनए घालण्याच्या आधीच शिरलेला असतो. तो लपतो ते नेमका त्या लाल कड्याआड. लिपिडमधल्या रंगामुळे चमकणारं ते कडं एवढंच सांगतं की गोळीपाशी लिपिड आहे. ते लिपिड अखंड, वाहतं पटल आहे की न फुटलेल्या बारीक पुटिका (लिपिडचे पोकळ फुगे) गोळीला नुसत्या डकवल्यासारख्या बसल्या आहेत, हे कड्यावरून कळत नाही. साध्या प्रकाश-मायक्रोस्कोपची नजर २०० ते २५० नॅनोमीटरच्या खाली पोचत नाही आणि तुमच्या पुटिका ५० नॅनोमीटरच्या आसपास. पटलाची जाडी तर जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर. दोन्ही सारखंच चमकणार.

आधी गाइडचा प्रश्न घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

डीएनए वापरून कण जुळवण्याची सुरुवात १९९६ची. त्या वर्षी ‘नेचर’च्या एकाच अंकात मर्किन यांच्या गटाने आणि ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने सोन्याचे नॅनोकण डीएनएने बांधून दाखवले. मायक्रोमीटरच्या मापाच्या कणांवर हीच कल्पना नेली तेव्हा अडचण आली. डीएनएचं बूड कणाच्या पृष्ठभागावर पक्कं रोवलेलं असेल, तर दोन कण जिथे भेटले तिथेच अडकतात. मग त्यांना चांगली जागा शोधता येत नाही. तापमान डीएनएच्या वितळबिंदूच्या (जिथे त्याचे जुळलेले धागे सुटतात त्या तापमानाच्या) अगदी जवळ आणून, पृष्ठभाग खूप गुळगुळीत करून आणि डीएनए दाट पेरून कणांना लोळायला लावता येतं आणि त्यातून स्फटिकही मिळतात. पण ती खिडकी अगदी अरुंद. थोडं थंड झालं की सगळं पुन्हा घट्ट.

लिपिडचं पटल मधे आलं की डीएनएचं बूड तरंगतं होतं. बंध पक्का, पण बंधाची जागा फिरती. वारीतली फुगडी आठवा: हात सुटत नाहीत आणि पायही एका जागी राहत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या ‘अमॉल्फ’ संस्थेत व्हान डेर मोलेन आणि लोइनिसेन यांनी २०१३ मध्ये घन कणांवर असा सरकता डीएनए लावून दाखवला. लायडन विद्यापीठात डॅनिएला क्राफ्ट यांच्या गटाने २०१७ मध्ये त्यातून चक्क सांधे केले. त्या कामाच्या पहिल्या लेखिका इंद्राणी चक्रवर्ती पुढे गोव्यात, बिट्स पिलानीच्या तिथल्या आवारात, भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. क्राफ्ट गटानेच २०१९ मध्ये पटल चढवण्याची एकेक पायरी तपासून सविस्तर मांडली. माझं खालचं बरंचसं बोलणं त्या कामाशी जुळतं, बाकीचं स्वतःच्या हाताने बिघडवून शिकलेलं आहे.

सरकत्या डीएनएचा फायदा शब्दांपेक्षा आकड्यांत लवकर पटतो. तुमची गोळी २ मायक्रोमीटरची, म्हणजे पृष्ठभाग साधारण १२.६ वर्ग मायक्रोमीटर. दोन गोळ्या टेकल्या आणि डीएनए साधारण २० नॅनोमीटरची फट ओलांडू शकतो असं धरलं, तर जिथे हात पोचतात तो ठिपका ०.१४ मायक्रोमीटर त्रिज्येचा येतो. क्षेत्रफळ ०.०६ वर्ग मायक्रोमीटर, म्हणजे एकूण पृष्ठभागाच्या अर्धा टक्का. गोळीवर १०,००० धागे असतील आणि ते रोवलेले असतील, तर बंधात येतील फक्त पन्नासेक. तेच धागे तरंगते असतील, तर बाकीचे हळूहळू त्या ठिपक्याकडे ओढले जातात आणि बंधात येणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. डीएनएला वेगळा रंग लावला असेल तर जोडीच्या सांध्यात तो ठिपका उजळलेला स्पष्ट दिसतो. तुमच्या जोड्यांत तो दिसतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बघा. न दिसला तर त्या जोड्या डीएनएने जुळलेल्या नसतील, किंवा डीएनए सरकत नसेल.

आता गोळीकडे. पटल चढण्याचं तंत्र मॅक्कॉनेल यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने १९८०च्या दशकात सपाट काचेवर बसवलं: बारीक पुटिका काचेला चिकटतात, ताणून फुटतात, त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि सलग द्विस्तर, म्हणजे लिपिडच्या दोन थरांचं पटल, तयार होतो. काच आणि पटल यांच्यामध्ये एक ते दोन नॅनोमीटरचा पाण्याचा थर उरतो. पटल वाहतं ते त्या पाण्याच्या जिवावर. त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत असेल, किंवा त्यावर पॉलिमरचे केस उगवलेले असतील, तर पुटिका बसतात पण फुटत नाहीत, किंवा फुटून तयार झालेलं पटल जागोजाग अडकून पडतं.

इथे माझी एक फजिती सांगते. एकदा एका पुरवठादाराकडून आणलेल्या कणांवर मी तीन आठवडे घालवले. कडं सुंदर, गुठळ्या नाहीत, सगळं आलबेल. फक्त काही हलेना. शेवटी कळलं की कण स्थिर राहावेत म्हणून बनवतानाच त्यांच्यावर पॉलिमर बसवलेला होता आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेख तळटिपेत होता. दोष अर्थात न वाचणाऱ्याचा. तेव्हापासून मी नवी बाटली आली की आधी विचारते: पृष्ठभागावर सिलिकाशिवाय आणखी काय आहे? गुळगुळीत, उघडी सिलिका सगळ्यात भरवशाची. पॉलिस्टायरिनवर हे तंत्र मी नवख्या माणसाला करायला सांगत नाही. घनाकृती किंवा डंबेलच्या आकाराचे कण हवे असतील तर त्यांच्यावर सिलिकाचं कवच चढवून मगच लिपिड.

लिपिड डीओपीसी निवडलंत ते बरोबर. त्याचं गोठणं शून्याच्या बरंच खाली, उणे १७ अंश सेल्सियसच्या आसपास होतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला ते निवांत वाहतं. डीपीपीसी हे दुसरं लिपिड घेतलं असतं तर ४१ अंशांच्या खाली ते घट्ट जेलसारखं राहिलं असतं आणि आपण आज वेगळ्याच चुकीबद्दल बोलत असतो. पण डीओपीसीच्या शेपट्यांत दुहेरी बंध असतात, ते हवेने खराब होतात. क्लोरोफॉर्ममधली बाटली काचेचीच हवी आणि बंद करण्याआधी तिच्यावर नायट्रोजन किंवा आरगॉन सोडायचा. फ्रीझरमधून काढल्याबरोबर उघडायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गार बाटली उघडली की आतल्या बाजूला दव धरतं, ते मी स्वतः पाहिलंय. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. काचेत लिपिडचा पातळ थर वाळवल्यावर तो निर्वातात दोन-तीन तास तरी ठेवा, क्लोरोफॉर्मचा मागमूस राहता कामा नये.

थरात बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून हलवलं की मोठ्या, अनेक पापुद्र्यांच्या पुटिका मिळतात. त्या ३० किंवा ५० नॅनोमीटरच्या छिद्रांतून एक्स्ट्रूडरने निदान एकवीस वेळा ढकलायच्या. वेळा विषम का, तर शेवटचा घास गाळणीच्या पलीकडच्या बाजूला निघावा म्हणून. द्रावण दुधाळ असतं ते निवळून जवळजवळ पारदर्शक होतं. निवळलं नाही तर पुढे जाऊ नका.

किती लिपिड लागतं हा हिशेब फार कमी लोक करतात, आणि तो करण्यासारखा आहे. लिपिडच्या एका रेणूच्या डोक्याची जागा ०.७ वर्ग नॅनोमीटर धरली, तर तुमच्या एका गोळीला दोन्ही थर मिळून साधारण ३.६ कोटी रेणू लागतात. १ मिलिग्रॅम सिलिकात अशा गोळ्या सुमारे १२ कोटी. म्हणजे १ मिलिग्रॅम गोळ्यांना नेमकं पुरेल एवढं लिपिड साडेपाच-सहा मायक्रोग्रॅम भरतं. आठ-दहा पट जास्त, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, घ्या. कमी पडलं तर गोळीवर उघडे डाग राहतात, आणि एकीचा उघडा डाग दुसरीच्या पटलाला धरतो. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून १ मिलिग्रॅमला तुम्ही ४ मायक्रोग्रॅम वापरलंय. तुमच्या गुठळ्यांचं निदान एक कारण इथेच सापडलं, असं मला वाटतं.

बफर १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, त्यात ५० मिलिमोलर मीठ, हे ठीक. मिठाशिवाय पुटिका सिलिकाला नीट धरत नाहीत आणि डीएनएचे दोन धागेही एकमेकांना धरत नाहीत, कारण दोन्ही धाग्यांवर ऋण भार. मीठ मात्र दुधारी असतं. ५० मिलिमोलरला भाराची ढाल, म्हणजे त्याचं ढकलणं जिथवर पोचतं ते अंतर, जेमतेम १.४ नॅनोमीटरवर येते. शिवाय डीओपीसीला स्वतःचा निव्वळ भार नाही. उघडी सिलिका आपल्या ऋण भाराच्या जोरावर शेजारणीला लांब ठेवत होती, तुम्ही तिच्यावर भार नसलेलं पांघरूण घातलंत आणि ती ताकद पाच नॅनोमीटर आत ढकललीत. मग गोळ्या एकत्र आल्या तर नवल नाही. साबुदाणा मोकळा राहायला हवा असेल तर भिजवतानाच जपावं लागतं, परतताना सुधारता येत नाही, तसंच हे. डीएनए घालण्याआधी गोळ्या मोकळ्या असल्याच पाहिजेत.

मोकळ्या ठेवण्याचे दोन मार्ग. एक, पीईजी २००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा लांब साखळीचा पॉलिमर) जोडलेलं लिपिड थोडंसं मिसळायचं. हा केसाळ थर तीन-चार नॅनोमीटर उंचीचा असतो आणि गोळ्यांना अंतरावर ठेवतो. पण ‘थोडंसं’ यावर जोर आहे. प्रमाण वाढवलं की पटल एकसारखं बसत नाही, त्याचं वाहणंही मंदावतं, कारण निम्मे केस आतल्या बाजूला, सिलिका आणि पटलामधल्या त्या पाण्याच्या थरात घुसतात. मी तीन-चार टक्क्यांच्या वर जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे चिकट टोक (जुळणीसाठी मोकळं ठेवलेलं एकपदरी टोक) नसलेला, कुणाशीच न जुळणारा दुपदरी डीएनए पटलात रोवायचा. तो ऋण भारही देतो आणि उंचीही. महाग पडतो, पण पटलाला त्रास देत नाही. मला विचाराल तर पैसे असतील तिथे दुसरा मार्ग.

धुण्याच्या वेळी होणारी हानी लोक मोजतच नाहीत. जास्तीच्या पुटिका काढण्यासाठी सेंट्रीफ्यूज जोरात फिरवलं की गोळ्या तळाशी दाबून एकमेकींवर घासतात, पटलं फाटतात, आणि मग ते ढेकूळ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) सोडवायला गेलं की उरलंसुरलं पटलही जातं. २ मायक्रोमीटरची सिलिका पाण्यात सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर वेगाने खाली बसते, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीचं द्रावण तासा-सव्वा तासात आपोआप बसतं. तोवर चहा घ्या. फिरवायचंच असेल तर हळू आणि थोडा वेळ. आणि गोळ्या एकदाही कोरड्या पडू देऊ नका. हवा-पाण्याची सीमा गोळीवरून गेली की पटल साय ओढावी तसं निघून येतं. पिपेटमध्ये बुडबुडे येऊ न देण्याचं कारण तेच.

यानंतर खरी परीक्षा. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर गोळीच्या एका बाजूचा रंग लेझरने जाळायचा आणि तिथे उजेड परततो का बघायचं. लिपिड सिलिकावर साधारण १ ते ५ वर्ग मायक्रोमीटर प्रतिसेकंद या गतीने पसरतं, त्यामुळे एवढ्याशा गोळीवर उजेड काही सेकंदांत परतायला हवा. मिनिटभर थांबूनही काळा डाग तसाच, तर तुमच्या सुंदर कड्याला काही अर्थ नाही. एक सावधगिरी: गोळी स्वतः फिरली तरी डाग सरकतो आणि उजेड परतल्याचा भास होतो. काचेला टेकून स्थिर असलेली गोळी निवडा. लिपिडचा रंग जाळून पाहिल्यावर हीच परीक्षा डीएनएच्या रंगावर वेगळी करा. पटल वाहतं पण डीएनए अडकलेला, असंही होतं. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही हवीत.

डीएनएबद्दल दोनच गोष्टी. कोलेस्टेरॉलची एकच शेपटी असलेला धागा पटलातून निसटतो आणि दुसऱ्या गोळीवर जाऊन बसतो. काही तासांत तुमच्या ‘अ’ आणि ‘ब’ जातींची सरमिसळ होते आणि मग सगळेच सगळ्यांना चिकटतात. दोन पूरक धाग्यांना प्रत्येकी एक कोलेस्टेरॉल लावून त्यांचा दुपदरी दांडा करायचा, की नांगर पक्का बसतो. स्वीडनमध्ये फायफर आणि हूक यांनी २००४ मध्ये हे दाखवलं. तुमच्या ऑर्डरमध्ये एकच शेपटी दिसते. आणि दांड्याची लांबी: एक बेस-जोडी ०.३४ नॅनोमीटरची, तेव्हा ७०-८० जोड्यांचा दांडा २५ नॅनोमीटरच्या आसपास जातो, पीईजीच्या केसांच्या बराच वर. आखूड दांडा त्या केसांतच बुडून राहतो.

प्रमाण ठरवताना पिपेटच्या भरवशावर राहू नका, हिशेब करा. गोळीमागे १०,००० धागे म्हणजे १ मिलिग्रॅम गोळ्यांना फक्त २ पिकोमोल. आपण सवयीने नॅनोमोलमध्ये विचार करतो आणि शंभर पट ओततो. मग सांध्यात इतके धागे दाटतात की बंध सरकेनासा होतो. चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी हेच मोजून दाखवलं: बंधाच्या जागेतला डीएनए वाढवत नेला की सांध्याची लवचीकता कमी होत जाते. म्हणजे तुमच्या ताठ जोड्यांना दुसरंही स्पष्टीकरण आहे, पटल चांगलं असूनही.

उलट बाजूने, डीएनए मोजका ठेवला की एक गंमत पदरात पडते. पहिल्या बंधाने बहुतेक धागे आपल्याकडे ओढून घेतले, तर दुसऱ्या-तिसऱ्या शेजाऱ्याला थोडेच उरतात. म्हणजे एका गोळीला किती शेजारी मिळावेत यावर लगाम येतो, कणावर कुठेही ठिपके न रंगवता. साखळ्या हव्या असतील तर या लगामावर काम करा. पण तो लगाम सैल आहे, सगळ्या गोळ्या तो पाळतील अशी आशा धरू नका.

जमलं की काय मिळतं, ते मला अजूनही बघायला आवडतं. मधला कण गोल असेल तर बाहेरचा कण त्याच्यावर कुठेही फिरतो, खांद्याच्या सांध्यासारखा. मधला कण घनाकृती असेल तर चिकटलेली गोळी सपाट बाजूवर सरकत राहते आणि कडेपाशी अडते, कारण कड ओलांडताना बंधाचं क्षेत्रफळ घटतं आणि ते तिला परवडत नाही. डंबेलच्या कमरेत बसलेली गोळी त्या खाचेभोवती बिजागरीसारखी फिरते. आकाराने हालचालीला कुंपण घातलं. यासाठी कुठलंही वेगळं रसायन लागलं नाही. २०१७च्या त्या निबंधाचा मला सगळ्यात भावलेला भाग तोच.

आणि गुठळ्या म्हणजे नेहमी अपयशच असंही नाही. बर्कलीला जे ग्रोव्ह्ज यांच्या गटाने २००४ मध्ये पटल चढवलेल्या सिलिका गोळ्या मुद्दाम अशा अवस्थेला ठेवल्या की त्या जमून राहण्याच्या आणि विखुरण्याच्या काठावर असतील. पटलावर प्रथिन येऊन बसलं की सगळी गर्दी पांगते, आणि ते साध्या मायक्रोस्कोपने, कुठलाही रंग न लावता, दिसतं. तुमच्या गुठळ्या तशा हिशेबातल्या नाहीत, एवढंच.

शेवटी नमुन्याची पेटी. २ मायक्रोमीटरच्या सिलिकाची उष्णतेने वर उसळण्याची उंची ०.१ मायक्रोमीटरच, म्हणजे सगळा खेळ तळाच्या काचेवर चालतो. उघडी काच पटलाला सिलिकाइतकीच आवडते. तिच्यावर पॉलिॲक्रिलअमाइडचा थर द्या, निदान बीएसए या प्रथिनाने धुऊन घ्या, नाहीतर गोळ्या तळाला डकतील आणि ताठपणाचा आळ पुन्हा सांध्यावर येईल.

या आठवड्यात करायचं ते असं. नव्या डीएनएची ऑर्डर थांबवा. उघड्या गोळ्या, नुसतं पटल चढवलेल्या गोळ्या, आणि पटलासोबत तीन टक्के पीईजी असलेल्या गोळ्या, अशा तीन बाटल्या डीएनएशिवाय त्याच बफरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येकीतल्या शंभर गोळ्या मोजा, एकट्या किती आणि जोडीत किती. मग तिसऱ्या बाटलीतल्या पाच गोळ्यांवर लेझरची परीक्षा घ्या. आकडे आणि व्हिडिओ दोन्ही पाठवा, नुसती कड्याची छायाचित्रं नकोत.